घंटावाला वाटेत आहे

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी सात भागांची एक कादंबरी वाचली आहे, आणि तीही निम्मीच. निम्मी म्हणजे सुरुवातीची निम्मी नव्हे. एक तुकडा वाचलेला, पुढचा नाही, मग पुन्हा एक वाचलेला, पुन्हा एक नाही, अशी. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करते. थट्टा मी करतेच, पण हे खरं आहे.

आम्ही दोघी पुस्तकं बांधायच्या एकाच कारखान्यात कामाला. छापखान्यातून मोठाले कागद येतात, दोन्ही बाजूंनी छापलेले. एका कागदावर सोळा पानं, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. तो तीनदा दुमडला आणि हाडाच्या पट्टीने घडी दाबली की सोळा पानांची वही होते. अशा वह्या क्रमाने एकावर एक लावल्या, शिवल्या, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला की झालं पुस्तक. आमच्या मालकांची एक रीत आहे, त्यांच्या वडिलांपासूनची. पहिला, तिसरा, पाचवा फर्मा एका टेबलावर दुमडायचा. दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्या. सगळं एकाच्या हातात दिलं तर शेजारशेजारच्या फर्म्यांची सरमिसळ होते आणि कुणाला पत्ता लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून या टेबलावरच्या माणसाने त्या टेबलावरच्या कागदाला हात लावायचा नाही.

जाऊबाई पहिल्या टेबलावर, मी दुसऱ्या. लग्न होऊन मी या घरात आले आणि त्यांच्याच ओळखीने कारखान्यात लागले, तेव्हापासून हे असंच. घरी समोरासमोर, कामावर समोरासमोर. "देवाने एवढी मोठी पृथ्वी केली आणि मला बघायला एकच तोंड दिलं," असं मी म्हणते. जाऊबाई म्हणतात, "तुला निदान बरं तोंड मिळालं."

फरक एवढाच, की मी घडी घालते तेव्हा घडीच घालते. कागदावर काय छापलंय याच्याशी मला काय करायचंय? भूगोल असो नाहीतर गोळ्या-औषधांची माहिती, घडी तीच. जाऊबाई मात्र वाचतात. एकच फर्मा हजारांनी दुमडायचा असतो. पहिल्या घडीला त्या एक ओळ वाचतात, दुसऱ्या घडीला पुढची, आणि संध्याकाळपर्यंत सोळाच्या सोळा पानं पोटात. अर्ध्या पानांवरची अक्षरं उलटी येतात, म्हणून मान वाकडी करून. "तुमची मान एक दिवस तशीच राहील," असं मी किती वेळा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांची लाडकी कादंबरी म्हणजे पेंगणपूरची. सगळा खुळ्यांचा बाजार. त्यात एक मांत्रिक आहे, त्याचा मंत्र दुसऱ्या दिवशी लागू पडतो. आज आग लागली म्हणून त्याने पाऊस बोलावला, तर सगळं जळून राख झाल्यावर उद्या बदाबदा पाऊस. एक राणी आहे, तिने मुकुट धुवायला दिला तो परत आलाच नाही, तेव्हापासून ती डोक्यावर पातेलं घालून राज्य करते. एक राक्षस आहे, त्याला बारा महिने सर्दी. आणि राजवाड्याच्या बुरुजावर एक घंटावाला. सकाळ झाली की घंटा वाजवायची एवढंच त्याचं काम, आणि तेवढ्यालाही रोज उशीर. पण राज्यात दुसरं घड्याळच नाही. तो घंटा देईल तीच सकाळ. सूर्यसुद्धा बिचारा डोंगराआड खोळंबून बसायचा, म्हणे.

आता आमच्या घराचं सांगते, म्हणजे या घंटावाल्याचं महत्त्व कळेल.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, जन्मभर छापखान्यात मशीनवर होते. घड्याळ बघून पाणी पिणारा माणूस. आणि त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे भाऊजी, नेमके उलट. ते आमच्याच कारखान्याचा टेम्पो चालवायचे, बांधलेल्या पुस्तकांचे गठ्ठे दुकानांत पोचवायचे. वेळेवर घरी आलेत असं कधी घडलं नाही. वाटेत कुणी भेटलं की बोलत उभे, कुणाची गाडी बंद पडली की धक्का मारायला हे पुढे. बापलेकांची रोज संध्याकाळी त्यावरून वाजायची. एका सकाळी भाऊजी निघाले, मामंजी पाठीमागून म्हणाले, "आज तरी वेळेवर ये." वळणावर अपघात झाला. ते आलेच नाहीत.

त्यानंतर आमचं घर बोलायचं बंद झालं. सासूबाई आधीच गेलेल्या. मामंजींची दृष्टी कमी होत चालली होती, ती त्याच वर्षी पुरती गेली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. जाऊबाई चहा आणून ठेवायच्या, ते प्यायचे, त्या कप उचलून न्यायच्या. ना हे एक शब्द बोलायचे ना त्या. मी आणि माझा नवरा आपले बडबड करत राहायचो, नळाला पाणी आलं नाही, अमक्याचं लग्न ठरलं, आणि आमचंच बोलणं आम्हाला परकं वाटायचं. मला खरंच भीती वाटत होती, की ही दोन माणसं अशीच मिटून जातील आणि आपण बघत राहू.

त्या सुमारास कारखान्यात पेंगणपूरचा दुसरा भाग आला होता. जाऊबाई पुन्हा कामावर यायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी त्यांनी मामंजींपुढे चहा ठेवला, आणि कप सोडायच्या आधी म्हणाल्या, "मामंजी, आज एका राक्षसाला सर्दी झाली."

मी स्वयंपाकघरात होते. म्हटलं, झालं, जाऊबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

मामंजींनी त्यांच्या हातातून कप घेतला. मग म्हणाले, "कशाने?"

त्या दिवसापासून सुरू झालं. कारखान्यात जेवढं वाचून व्हायचं तेवढं संध्याकाळी सांगायचं. मधले फर्मे माझ्याकडे, म्हणजे मधली गोष्ट कुणालाच माहीत नसायची. ती जाऊबाई आपल्या पदरचं घालून भरून काढायच्या. मी एकदा सुचवलं, "मालकांकडून पुरं पुस्तक मागून घ्या की. देतील ते." तर म्हणाल्या, "सगळंच कळलं तर मी सांगायचं काय?"

घंटावाल्याचं तसंच झालं. बारावा फर्मा माझ्या टेबलावर. तेराव्यात जाऊबाईंनी वाचलं, की बुरूज रिकामा होता. तेवढंच त्यांनी घरी सांगितलं.

"रिकामा?" मामंजी म्हणाले. "मग घंटावाला कुठे गेला?"

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी. मी काही मुद्दाम ऐकत नव्हते, पण आमचं घर केवढंसं, कानावर पडतंच.

"यायला निघालाय," जाऊबाई म्हणाल्या. "वाटेत आहे."

"हां," मामंजी म्हणाले. "उशीर करतोच तो."

तिसरा भाग आला तेव्हा जाऊबाईंचे हात कामात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. कागद अर्धा दुमडलेला, पट्टी हवेत. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं. घंटावाला मेलाय. राक्षसाच्या शिंकेने घंटेसकट दरीत उडाला. मागच्या भागात तुझ्या बाराव्या फर्म्यात होतं ते. आता त्याचा पुतळा बसवतायत, आणि त्या कार्यक्रमालाही उशीर झालाय."

"मग आता घरी काय सांगणार?"

त्यांनी घडी पुरी केली. "काय सांगणार म्हणजे? वाटेत आहे."

आणि तो वाटेतच राहिला. पुस्तकात त्याचा पुतळा, आमच्या घरी तो चालतोय. उलटी घंटा नदीत टाकून तिची होडी केली. चौकातल्या एका पाटीला रस्ता विचारला, ती पाटी नेमकी खोटारडी निघाली, त्यात एक अख्खा भाग गेला. धुक्याच्या गावात लोक एकमेकांची झोप मागून नेत, याने आपली झोप एका म्हातारीला दिली आणि ती परत मिळेपर्यंत तिथेच अडकला. एका शेतात त्याला बुजगावणं म्हणून उभा केला, तर पाखरं त्याच्याशी गप्पा मारायला यायला लागली. मामंजी हसायचे. पोट धरून नाही, पण खुर्ची करकरायची, म्हणजे हसतायत हे आम्हाला कळायचं. पातेल्यातली राणी आणि मांत्रिक यांचं पुस्तकात जे असेल ते असो, मामंजींचा रोजचा शेवटचा प्रश्न एकच. "त्याचं काय? कुठवर आला?"

मधे एकदा आमच्या ह्यांनी शहाणपणा केला. माझा नवरा स्वभावाने चांगला आहे, पण काम नसताना कामाला लागतो. वहिनी दमतात, म्हणून त्याने मालकांकडून तिसरा भाग आणला आणि रविवारी मामंजींना वाचून दाखवायला बसला. दोन पानं झाली असतील. "कैलासवासी घंटावाल्याच्या पुतळ्यावर कबुतरं," असं काहीसं आलं. जाऊबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण उंटावरचा शहाणा वर बघेल तर ना.

मामंजींनी हात वर केला. "ते चुकलंय," म्हणाले.

"काय चुकलंय बाबा? इथे छापलंय."

"मी जन्मभर छापलंय. मला सांगू नकोस. छापलेल्यात चुका असतात. ठेव ते पुस्तक."

पुस्तक त्या दिवशी कपाटावर गेलं ते आजही तिथेच आहे. जाऊबाईंनी त्या रात्री भांडी दोनदा घासली.

अशी वर्षं गेली. मग सातवा भाग आला. मालक स्वतः गठ्ठ्यांबरोबर आत आले आणि म्हणाले, "घ्या, आटोपलं तुमचं पेंगणपूर. हा शेवटचा भाग." जाऊबाईंनी पहिला फर्मा ओढला आणि मान वाकडी केली. पण मला त्यांचा हात ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांची घडी अर्धं सूत तिरकी येत होती.

घरी ही बातमी सांगायची नाही असं मी ठरवलं होतं. पण आमचे हे! जेवताना, "बाबा, तुमच्या गोष्टीचा शेवटचा भाग आला बरं का," असं सांगून मोकळे.

मामंजींचा घास हातात राहिला. "शेवटचा?" मग जाऊबाईंच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "म्हणजे आता तो पोचेल."

जाऊबाई म्हणाल्या, "बघू."

झोपायच्या आधी मी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "अगं, गोष्ट आहे ती. संपली तर संपली." मी म्हटलं, "गोष्ट संपली की त्या दोघांनी बोलायचं काय? चहात साखर किती?" तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्या दोघांमध्ये भाऊजी गेल्यापासून दुसरं बोलणंच नव्हतं. भाऊजींचं नाव तर एकदाही नाही. सगळं बोलणं घंटावाल्याच्या पायांनी चालायचं.

शेवटचा फर्मा सम आकड्याचा, म्हणजे माझ्या टेबलावर. जाऊबाईंनी पलीकडून विचारलं, "शेवट तुझ्याकडे आलाय ना?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "सांगू नकोस." मी कशाला सांगतेय? मी वाचलं असेल तर ना! पण माझंही मन राहीना. आयुष्यात पहिल्यांदा मी घडी घालताना ओळ वाचली, मग दुसरी, आणि दुपारपर्यंत माझी मान आखडली. राणीला मुकुट मिळाला. राक्षसाची सर्दी गेली, आणि शिंकल्याशिवाय करमेना म्हणून तो रडत बसला. मांत्रिकाने शेवटचा मंत्र म्हटला, त्याचं काय झालं ते उद्याच कळणार. आणि मग सगळं राज्य झोपी गेलं. संपलं! घंटावाल्याचं नाव नाही, पुतळा नाही, कबुतरंसुद्धा नाहीत. मला असा काही राग आला, की मी दहा-बारा कागद उलटेच दुमडले.

त्यात लेखकसाहेब आले. प्रत्येक भागाची पहिली बांधलेली प्रत न्यायला ते स्वतः येत. वाळकुडा माणूस, खांद्याला कापडी पिशवी. प्रत हातात घेतली की आधी उघडून वास घेत. त्या दिवशी त्यांनी वास घेतला आणि आमच्याकडे बघून हसले. तेवढं निमित्त मला पुरलं.

"घंटावाल्याला मारलात कशाला हो तुम्ही?"

ते दचकले. "कुणाला? अहो, तो तर दुसऱ्या भागातच गेला."

"तेच विचारतेय. काय वाईट केलं होतं त्याने?"

"वाईट काही नाही," ते ओशाळून म्हणाले. "खरं सांगू? त्याचं पुढे काय करावं मला सुचेना."

"सुचेना म्हणून माणूस मारायचा? वा रे वा! आमच्या घरी तो जिवंत आहे. पाच भाग चालतोय बिचारा."

"अगं, पुरे," जाऊबाई म्हणाल्या. पण आता मी थांबते होय? होडी, पाटी, धुकं, बुजगावणं, सगळं सांगितलं. साहेब कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. मालकांनी चहा आणून दिला, तो गार झाला तरी ते ऐकत होते. बुजगावण्याला ते मोठ्याने हसले.

"मग आता कुठे आहे तो?" त्यांनी विचारलं. लेखक विचारतोय हं, आम्हाला!

"पुलाजवळ," जाऊबाई खाली बघून म्हणाल्या. "तो पूल झोपलेला असतो. घोरतो. त्याला न जागवता पलीकडे जायचं."

"आणि जागा झाला तर?"

"ते अजून ठरलं नाही."

साहेबांनी गार चहा एका घोटात संपवला. मग हळूच म्हणाले, "शेवट काय करणार?"

"तोच तर घोर लागलाय," जाऊबाई म्हणाल्या. "पोचवला, तर संपलं सगळं. न पोचवावा, तर ते रोज विचारतात. आणि पोचवू तरी कसा? मला माहीत आहे ना तो मेलाय ते." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याकडे मेला म्हणून तर माझ्याकडे आला."

साहेबांनी पिशवी उचलली, जाताना पुस्तक घ्यायला विसरले, आणि मालकांना त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत पळावं लागलं.

त्यानंतर जाऊबाईंनी चालढकल सुरू केली. पूल काही ओलांडून होईना. एकदा पुलाला स्वप्न पडलं, एकदा तो कुशीवर वळला. मामंजींना कळत नव्हतं थोडंच? "काल पण तो पुलावरच होता," म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "लांब आहे हो पूल." मामंजी म्हणाले, "पूल लांब आहे, की तू लांबवतेस?" जाऊबाईंचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मामंजी संध्याकाळ व्हायच्या आधीच खुर्चीत ताठ बसायला लागले होते.

सातव्या भागाचे सगळे गठ्ठे टेम्पोत चढले तो दिवस. घरी आल्यावर जाऊबाईंनी चहा केला, मामंजींपुढे ठेवला, स्टूल ओढून बसल्या आणि एका दमात सुरुवात केली. पूल ओलांडला. टेकडी उतरून तो गावात आला. सगळे झोपले होते. त्याने आपली गल्ली ओळखली. कोपऱ्यावरचा दिवा ओळखला. त्याच्या चपलांचे तळ पार झिजले होते, घंटा खांद्यावर जड झाली होती. तो आपल्या दारापाशी आला. दाराच्या फटीतून उजेड दिसत होता, म्हणजे कुणीतरी जागं होतं. त्याने हात वर केला आणि...

"आणि?" मामंजी म्हणाले.

मी गॅससमोर उभी. भाजीत डाव तसाच.

"आणि त्याने..." जाऊबाईंचा आवाज गेला. खाकरल्या. पुन्हा म्हणाल्या, "त्याने दारावर..." पुढे येईना.

"बस," मामंजी म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मशीन बंद करताना माणूस म्हणतो तसं म्हणाले.

"बस आता, पोरी. दमला असेल तो. किती चालवलंस त्याला! नदी काय, धुकं काय. मी इथे बसलोय म्हणूनच ना? बसू दे त्याला आता. आत नाही आला तरी चालेल."

"दारापर्यंत आलाय हो, मामंजी."

"माहीत आहे. पण आत नाही यायचा तो. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. केव्हापासून माहीत आहे."

आणि जाऊबाई रडल्या. भाऊजी गेले तेव्हा त्या चारचौघांत रडल्या होत्या, ते निराळं. हे रडणं त्यांनी इतकी वर्षं घडी घालून ठेवलं होतं. मी बाहेर जाणार होते, पण पाय उचलेना. माझेच डोळे वाहत होते, आणि कांदा चिरून तर कधीच झाला होता.

मामंजींनी हात पुढे केला. चाचपडत तो कपाला लागला, मग स्टुलाला, मग त्यांच्या खांद्यावर टेकला.

"मी त्याला वेळेवर ये म्हटलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तेवढंच बोललो मी. दुसरं काही बोलायला हवं होतं."

जाऊबाईंनी बाहीने नाक पुसलं. "तुम्ही रोजच म्हणायचात. ते हसायचे त्यावर."

"हसायचा?"

"टेम्पो सुरू करताना तुमची नक्कल करायचे. अशी मान ताठ करून."

"माझी नक्कल? कशी? करून दाखव."

जाऊबाईंनी डोळे पुसले, स्टुलावर ताठ झाल्या, हनुवटी वर केली आणि भाऊजींच्या आवाजात मामंजींचा आवाज काढला: "आज तरी वेळेवर ये!" अगदी हुबेहूब. म्हणजे भाऊजी हुबेहूब, आणि त्यांच्या आत मामंजी.

खुर्ची करकरली. एकदा, मग पुन्हा, आणि मग थांबेचना.

"गाढव," मामंजी हसत म्हणाले. त्यांचे गाल ओले झाले होते. "लहानपणापासूनच तसा. सहा वर्षांचा असेल. मला छापखान्यात दुपारचा डबा आणून द्यायचा होता. घर ते छापखाना, हाकेच्या अंतरावर. आला संध्याकाळी. आणि डबा रिकामा."

"रिकामा?"

"रिकामा. आणि मागोमाग एक म्हातारा, दोन कुत्री आणि एक मोडकी सायकल. म्हणाला, बाबा, रागवू नका, वाटेत..."

ते थांबले. त्यांना आठवून हसू येत होतं आणि दम पुरत नव्हता.

जाऊबाईंनी स्टूल आणखी पुढे ओढलं. "वाटेत काय झालं?" त्यांनी विचारलं. "मामंजी, सांगा ना. वाटेत काय झालं?"

मी गॅस बंद केला, आणि बाहेर येऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.